स्प्रिंग आहे की नाही

माझ्या नवऱ्याच्या छातीत स्प्रिंग आहे की नाही, हा प्रश्न दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमच्या अख्ख्या वाडीला पडला होता. देशापुढे दुसरे प्रश्न नव्हते असं नाही. पण वाडीतल्या पारावर मोबाइलला रेंज येत नाही, त्यामुळे देशाचे प्रश्न तिथपर्यंत पोचत नाहीत. आमचे पोचतात.

आधी आमची ओळख करून देते. मी महाडात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि आमचे हे एसटीत ड्रायव्हर. दोघंही आता निवृत्त. घर महाडात असलं तरी ह्यांचा जीव पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला डोंगरात असलेल्या त्यांच्या वाडीत अडकलेला. उभा जन्म कशेडीचा घाट चढण्या-उतरण्यात गेला. घाटाला बोगदा झाला तेव्हा सगळ्या रायगडाला आनंद झाला आणि आमच्या घरात सुतक पडलं. "आता काय, कुणीपण गाडी चालवंल," असं म्हणून हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तर वाडीत शिमग्याला देवीची पालखी निघते. मुंबईला गेलेली सगळी माणसं येतात, ढोल लागतात, आणि पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. त्या पालखीचा पुढचा उजवा खांदा ह्यांचा. तो त्यांना कुणी दिला, कधी दिला, ठाऊक नाही. पण एसटीच्या पगारापेक्षा ह्यांना त्या खांद्याचा अभिमान जास्त. आणि गेल्याच्या गेल्या शिमग्याला सहाणेकडे, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याकडे, जायच्या चढावर हे मध्येच थांबले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पायात काटा गेला वाटतं." पायात काटाबिटा काही नव्हता. खांदा दुसऱ्याने घेतला. हे टॉवेल गळ्यात टाकून आंब्याखाली उभे राहिले आणि पालखी पुढे जाताना बघत राहिले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मग मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या. एका मोठ्या इस्पितळात मनगटातून नळी घालून तपासणी झाली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. चढ चढताना छाती आवळते ती त्यामुळे. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना कागदावर चित्र काढून समजावून सांगायची हौस होती. त्यांनी वाहिनी काढली, अडथळा काढला. ह्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "कशेडीत दरड आलीय आन एकच लेन चालू हाय. सपाटीला भागतंय, चढाला गाड्या तुंबतायत." डॉक्टर खूश झाले. पुढे म्हणे ते दुसऱ्या पेशंटनाही असंच सांगायला लागले.

आता आम्हाला वाटलं, स्प्रिंग टाकतील आणि घरी पाठवतील. स्टेंटला आमच्याकडे स्प्रिंगच म्हणतात. वाडीत ह्यांचे चुलत भाऊ, म्हणजे माझे भावजी, गिरणीतून सुटून गावी आलेले, त्यांना दोन टाकल्या आहेत. तेव्हापासून भावजींचा मान वाढला आहे. कुठल्याही दुखण्याची गोष्ट निघाली की ते "मला दोन हायत" असं म्हणून विषय संपवतात. ह्यांनाही निदान एक तरी मिळावी असं मला मनातून वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पण डॉक्टरांनी भलतंच काढलं. म्हणाले, आमच्याकडे एक संशोधन चालू आहे. तुमच्यासारखं दुखणं, म्हणजे चढाला दुखणारं आणि बसलं की थांबणारं, त्यात स्प्रिंग टाकल्यावर माणसाला बरं वाटतं. पण ते स्प्रिंगमुळे किती आणि स्प्रिंग टाकली या भरवशामुळे किती, हे आम्हाला नीट मोजायचं आहे. म्हणून सगळ्यांना आत नेतो, गुंगी देतो, कानाला हेडफोन लावून गाणी लावतो. निम्म्यांना स्प्रिंग टाकतो, निम्म्यांना टाकत नाही. कुणाला टाकायची ते कम्प्युटर ठरवतो. गोळ्या मात्र सगळ्यांना सारख्या. आणि काही महिने तुम्हाला सांगत नाही, की टाकली की नाही.

ह्यांनी बराच वेळ विचार केला. मग तपासाला सुरुवात केली.

"मला नाय सांगणार?"

"नाही."

"हिला?"

"त्यांनाही नाही."

"नंतर मला तपासणाऱ्या डॉक्टरला?"

"त्यांनाही माहीत नसतं. नाहीतर ते तुमच्याशी वेगळं बोलतील."

"मंग बरं हाय," हे म्हणाले. "आमच्या डेपोत पण असंच असायचं."

मी ह्यांना कोपराने ढोसत होते. माझं म्हणणं असं, की माणसाने दुकानात पैसे द्यावेत, पिशवी घ्यावी आणि पिशवीत काय आहे ते न बघता घरी यावं, हा कुठला व्यवहार? डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितलं, की पैसे लागणार नाहीत, कधीही बाहेर पडता येईल, मध्ये दुखणं वाढलं तर लगेच बघू, आणि शेवटी हवी असेल तर स्प्रिंग टाकून देऊ. हे सगळं ऐकून मी ढोसायचं थांबवलं. ह्यांनी सही केली. का केली, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "पोरगा एवढा शिकलेला, आन मला म्हणतोय की आमाला ठाऊक नाय. असं म्हणणारा सायेब मी पहिल्यांदा बघितला. त्याला नाय कसं म्हणू?"

दिवाळी झाल्यावर ते काम झालं. ह्यांना बाहेर आणलं तेव्हा हे गुंगीतच कुठलंसं भावगीत गुणगुणत होते. मनगटाला पट्टी होती. बस, आमच्या हातात एवढाच पुरावा.

आम्ही वाडीत पाऊल ठेवलं आणि चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थात भावजी. त्यांनी मनगटाचं भोक पाहिलं आणि म्हणाले, "भोक पडलंय म्हंजे टाकली." मी सांगितलं, भोक सगळ्यांना पाडतात. मग त्यांनी विचारलं, कानात गाणी किती झाली? त्यांच्या वेळी गाणी नव्हती, पण वेळ किती लागतो याचा त्यांना अंदाज होता. ह्यांना आठवत होतं त्यात एक गाणं पुरं आणि एक अर्धं. भावजींनी डोळे मिटून हिशोब केला आणि निकाल दिला, की एवढ्यात एकच बसंल, ती पण छोटी. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

मग लोहचुंबक आलं. भावजींच्या घरी जुना लाउडस्पीकर पडलेला होता, त्यातलं हे भलंमोठं चुंबक त्यांनी काढून आणलं आणि ह्यांना ओसरीवर उताणं झोपवलं. मी ओरडत होते, की अहो, त्याला चुंबक चिकटत नाही, आणि चिकटलं तर ते काय चांगलं आहे का? कुणी ऐकेना. चुंबक छातीजवळ नेलं आणि खटकन चिकटलं. वाडीने जल्लोष केला. ढोल काढायचाच बाकी होता. मी पुढे होऊन पाहिलं, तर ह्यांच्या बनियनला मीच लावलेली सेफ्टी पिन. मी ती काढून सगळ्यांना दाखवली. पुढचे कित्येक दिवस वाडीत माझ्याशी लोक तुटक बोलत होते.

इकडे इस्पितळातून एका मुलीचा फोन यायचा. गोड आवाज, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी. ती विचारायची, काका, जिना चढताना दुखतं का, सामान उचलताना दुखतं का. हे तिला डेपो मॅनेजरला सांगावं तसं सांगायचे, "सगळं ओके." एकदा मी विचारलं, अहो, परवा पाण्याची कळशी उचलताना थांबलात ते का नाही सांगितलं? म्हणाले, "पोरगी एवढी आवडीनं इचारतेय, तिला वाईट कसं सांगू गो?" मी फोन हिसकावून घेतला आणि त्या मुलीला कळशीसकट सगळं सांगितलं. त्या दिवसापासून फोन स्पीकरवर ठेवायचा असा नियम केला. संशोधन म्हणजे काही सत्यनारायणाची पूजा नाही, की सगळं गोड गोडच पाहिजे.

त्या मुलीने एक काम मात्र केलं, जे मला लग्न झाल्यापासून जमलं नव्हतं. तिने ह्यांना गोळ्या घ्यायला लावल्या. आधी ह्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. मटणाच्या दिवशी गोळी दुप्पट, उपासाच्या दिवशी सुट्टी, आणि तब्येत बरी असली तर गोळी वाया कशाला घालवायची. आता पाकिटात किती उरल्या ते तिला सांगायचं असायचं, म्हणून रोजची रोज घ्यायला लागले. तिनेच सांगितलं म्हणून सकाळी चालायलाही जायला लागले. आधी गांधारीच्या पुलापर्यंत, मग पुढे. थंडी संपता संपता माझ्या लक्षात आलं, की हे चालून येतात आणि धापा टाकत नाहीत. कळशी उचलतात आणि थांबत नाहीत. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढून आले आणि वर येऊन मलाच विचारलं, "भजी खायची का?"

"बघ," हे म्हणाले, "टाकलीच असणार."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण तो फार टिकला नाही, कारण शिमगा जवळ आला होता आणि ह्यांनी पालखीचा टॉवेल धुवायला टाकला होता.

पालखी म्हणजे काही पाटावरचा गणपती नव्हे. लाकूड, पितळ, वर देवी. घेऊन नुसतं चालायचं नाही, नाचवायची. गुडघे टेकायचे, उठायचं, गरकन वळायचं. मी हट्टाला पेटले, की स्प्रिंग आहे हे कळल्याशिवाय खांदा द्यायचा नाही. भांडण वाडीपर्यंत गेलं. वाडीची बैठक देवळात बसली. मुंबईहून आलेली मंडळीही होती. सगळ्यांचं मत पडलं, की स्प्रिंग असली तर पुढचा खांदा त्यांचाच, वाद नाही. नसली तर उगाच देवीच्या माथी नको. हेही म्हणाले, "कबूल. नसली तर मी सोताच येणार नाय." आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कारण आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?

"देवीला इचारू," भावजी म्हणाले.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याने भिजवून फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, भावाभावांचा बांध, सगळ्याला कौल. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "माये, तुझ्या लेकराच्या काळजात डाक्टरानं लोखंड घातलंय का नाय, त्याचा निवाडा दे गो माये." आणि आम्ही सगळे हात जोडून बसलो. मी शिकलेली बाई, शाळेत विज्ञान शिकवलेली. तरी माझी नजर त्या उजव्या पाकळीवरून हलत नव्हती.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावीही नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. बायका पदराने वारा घेऊ लागल्या, पोरं पेंगायला लागली. दोन्ही पाकळ्या तशाच, सुकत चालल्या. शेवटी मुंबईच्या एका पाहुण्याला उकाडा सहन होईना, त्याने उठून देवळातला पंखा लावला. आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली.

मग काय विचारता. पंख्याचा कौल धरायचा का, धरला तर आधी कुठली पडली, यावर अशी जुंपली, की देवीनेच कान झाकले असते. ज्याने पंखा लावला त्याला बाहेर काढलं. गुरव तेवढा शांत होता. त्याने पाकळ्या उचलल्या, डोळ्यांना लावल्या आणि म्हणाला, "भांडू नका. डाक्टरानं देवीला पण सांगितलेलं नाय."

बैठक उठली.

सुदैवाने त्याच आठवड्यात इस्पितळातून फोन आला, की सांगायची तारीख ठरली, आणि ती शिमग्याच्या थोडी आधीच होती. आम्ही मुंबईला गेलो. ह्यांना पळत्या पट्ट्यावर चालवलं, वायरी लावल्या. मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाले, आता सांगू शकतो. ऐकायचं आहे ना?

हे उठून उभे राहिले. "मला नको. हिला सांगा. मी भायेर बसतो."

मी विचारलं, एवढे महिने वाडी डोक्यावर घेतली ती कशासाठी? ह्यांनी मला असं समजावलं, जसं काही मी एसटीतली नवीन कंडक्टर आहे. "गाडी घाटात असली आन ब्रेकचं काय झालं असलं, तर ते ड्रायव्हरला घाटात नाय सांगायचं. त्याचे पाय ऐकत नाय मंग. गाडी आता चांगली चाललीय. तू ऐक. मला एवढंच सांग, की गाडी काढायची का नाय." आणि हे खरंच बाहेर जाऊन बसले. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं आणि दार लावलं.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "आम्ही आत गेलो, अडथळा मोजला, आणि बाहेर आलो. काही टाकलं नाही."

मी म्हटलं, "मग ह्यांचं दुखणं गेलं कुठे?"

"तेच तर आम्ही शोधतोय," ते म्हणाले. गोळ्या वेळेवर गेल्या, चालणं झालं, आणि थोडं मनानेही साथ दिली. कशाचं किती, ते एका माणसावरून सांगता येत नाही. पण पट्ट्यावरचं चालणं आधीपेक्षा खरंच चांगलं आहे, ते काही मनाचे खेळ नाहीत. अशा दुखण्यात स्प्रिंगने आराम मिळतो, पण आयुष्याची काळजी गोळ्याच घेतात. पुढे कधी पुन्हा दुखायला लागलं तर स्प्रिंग टाकू, त्यात काही कमीपणा नाही.

मी पालखीचं विचारलं. ते मुंबईचे, त्यांना आधी वाटलं पालखीला चाकं असतात. मी उठून, पदर खोचून, त्यांच्या केबिनमध्ये दोन पावलं नाचवून दाखवली. त्यांनी पट्ट्यावरच्या चालण्याचा आलेख पुन्हा पाहिला, बराच वेळ. मग म्हणाले, "घेऊ द्या. थोडा थोडा वेळ, आलटून पालटून. दुखलं तर लगेच सोडायची. जिभेखालची गोळी जवळ ठेवा."

बाहेर हे भिंतीवरचं ‘फळं खा, मीठ टाळा’ असं पोस्टर मन लावून वाचत होते. माझ्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, खांदा घ्या. पण आलटून पालटून."

"बरं," हे म्हणाले. महाड येईपर्यंत दुसरा प्रश्न नाही.

वाडीत भावजी वाटेवरच उभे होते. "काय वहिनी, टाकलीय का?"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, पालखी घेऊ द्या."

"म्हंजे टाकलीय!" भावजी ओरडले, आणि घराघरातून माणसं बाहेर आली. मी होय म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी अंगठे धरून उभं करायचे. गप्प बसणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे शिक्षा नव्हती. हे सगळं मी इथे लिहिते आहे त्याची मला धास्ती नाही, कारण मी लिहिलेलं वाचायची आमच्या घरात पद्धत नाही.

शिमग्याच्या दिवशी ढोल लागले. हे पुढच्या उजव्या खांद्याला गेले, टॉवेलची घडी खांद्यावर ठेवली आणि देवीला उचललं. मी आंब्याखाली उभी राहिले. जिभेखालची गोळी पाकिटातून आधीच काढून मुठीत धरली होती, ऐन वेळी पाकीट फाडत बसायला नको म्हणून. हे चढ चढले, थांबले नाहीत. गुडघे टेकले, उठले. गुलालात मला मध्येच दिसायचे नाहीत, आणि दिसायचे नाहीत तेवढा वेळ मी श्वासच घेत नव्हते. सगळी वाडी नाचत होती आणि ह्यांच्या छातीत काही नाही हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं. इतकी एकटी मी कधी पडले नव्हते, आणि इतका राग, इतकी माया मला ह्या माणसाबद्दल कधी एकदम आली नव्हती.

मग, सांगितल्याप्रमाणे, ह्यांनी आपण होऊन खांदा दुसऱ्याला दिला आणि माझ्याकडे आले. घामाने निथळत होते, दात लाल झाले होते गुलालाने, आणि श्वास अगदी संथ. मी मूठ उघडली तर गोळीचं पांढरं पाणी झालेलं. माझे डोळे वाहत होते आणि धाप लागली होती.

ह्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय गो," म्हणाले, "नुसतं उभं राहून दम लागला? चल, पुढल्या खेपेला तुलाच एक टाकून आणू."

"आणा," मी म्हटलं.